जिवंत पाणी

दीड दिवस झाला, सासूबाईंनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि माझं डोकं असं तापलं होतं की विचारू नका. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलेलं, "पाणी भरपूर प्या, नाहीतर किडनीवर येईल." पण ऐकतील तर त्या सासूबाई कसल्या!

भांडण जिवाणीवरून झालं. आम्ही जैन. कळंबच्या घरामागे विहीर आहे, तिचं पाणी आम्ही फडक्यानं गाळून उकळतो. फडक्यात अडकलेले बारीक जीव गाळलेल्याच पाण्यात खळबळून पुन्हा विहिरीत अलगद सोडायचे, ती जिवाणी. घरी ठेवलेली नर्स जुन्नरकडची, ख्रिस्ती. तिला हे कुठलं ठाऊक? तिनं फडकं मोरीत पिळलं. सासूबाईंनी खाटेवरून पाहिलं आणि तोंडच मिटलं. तिच्या हातचं नको, अन् मी तिची बाजू घेतली म्हणून माझ्याही हातचं नको!

"मग बसा सलाईन लावून!" सकाळी मी ओरडले. लगेच लाजही वाटली.

दुपारी नर्सनं मी सांगितलं तसं पुन्हा पाणी गाळलं, फडकं खळबळलं, आणि ते पाणी बादलीत घेऊन बादली विहिरीत पार खाली पाण्याला टेकेपर्यंत हळूहळू सोडली. मग उकळून ठेवलेल्या पाण्याचा तांब्या घेऊन खाटेपाशी बसली.

"आजी, चुकलं माझं. मला कळायला पायजे व्हतं. ज्यूंच्या जुन्या शास्त्रात शुद्ध व्हायला झऱ्याचं वाहतं पाणी लागतं. त्याला जिवंत पाणी म्हणत्यात. आमच्या शास्त्रात बी हाय ते."

सासूबाईंची मान तिच्याकडे वळली.

मग तिनं गोष्ट सांगितली. भर उन्हात तिचा प्रभू दमून विहिरीवर टेकला आणि पाणी भरायला आलेल्या बाईला म्हणाला, मला प्यायला दे. बाई चकित! तो ज्यू, ती परक्या जमातीची, त्यांच्यात खाणंपिणं चालत नव्हतं. तो तिला जिवंत पाण्याचं सांगू लागला, जे प्यायलं की पुन्हा तहान लागत नाही. ऐकून ती घागर तिथंच टाकून गावात सांगत सुटली.

"आणि त्याचं पाणी?" सासूबाई बोलल्या!

"दिल्याचं लिहिलेलं नाय, आजी."

"म्हणजे? उन्हातनं आलेला माणूस पाणी मागतोय, अन् नुसत्या गप्पा?" सासूबाई खरोखरच चिडल्या. त्यांनी हात पुढे केला. "आण गं इकडं. मी मागतेय, तू दे."

माझ्या डोळ्यांना धारच लागली. नर्सनं त्यांची मान सावरली, पेला तोंडाला लावला. त्या घटाघटा प्यायल्या.

"अजून," म्हणाल्या.