मागच्या खोलीतला उजेड

निवृत्त कारकुनाच्या टेबलावर फायली येत नाहीत, म्हणून किस्से साठतात. माझे सगळे चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीचे. आमच्या सुनेने, मुग्धाने, शोळिंगनल्लूरची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्या खोलीत नवरी मुलींना सजवायचं ठरवलं. चिरंजीवांना तिने एकच वाक्य ऐकवलं, "पहिली नवरी बिघडली, तर मी पुन्हा ऑफिसच्या बसमध्ये."

*

सुरुवात माझ्या दाढीच्या आरशाने झाली. वर ट्यूबलाइट, खाली सरावासाठी आमची सौ. उजेड डोक्यावरून पडल्याने डोळ्यांखाली सावल्या. मुग्धा क्रीम थापत राहिली, सावल्या जागच्या हलेनात.

सौ. आरशात पाहून म्हणाली, "ही मी नाही. ही ह्यांची मोठी बहीण."

माझी बहीण देखणी आहे. पण तो मुद्दा मी तेव्हा काढला नाही.

*

मग आरशाभोवती पिवळे बल्ब लागले. त्यात सगळेच सुंदर दिसत. मीसुद्धा दाढीला जास्त वेळ घेऊ लागलो.

सरावाला खालच्या मजल्यावरच्या कमलाक्का आल्या. तंजावरचं मराठी घराणं. रोज चेहऱ्याला हळद लावून अंघोळ. पिवळ्या उजेडात ती हळद मुग्धाला दिसलीच नाही. तिने वर गुलाबी थर चढवला. अक्का ऐटीत बाल्कनीत गेल्या, तर समोरच्या शेजारणीने विचारलं, "कावीळ कधीपासून?"

मुग्धाचा चेहरा उतरला. अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुझी कण्णाडी चांगली आहे गं. उजेड खोटारडा. दिवे बदल. माझी वसंती तुझ्याकडेच बसणार."

कण्णाडी म्हणजे आरसा. वसंती म्हणजे त्यांची लेक, आणि आमची पहिली नवरी.

*

पांढरे दिवे आले. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर. इलेक्ट्रिशियनने काम संपवून खोलीभर नजर फिरवली आणि अदबीने विचारलं, "ऑपरेशन कोण करणार, सार?"

*

वसंतीच्या लग्नाच्या रिसेप्शनची दुपार. एक डोळा झाला आणि करंट गेला. खिडकीतून उजेड एकाच गालावर; दुसरा गाल अंधारात. मुग्धाच्या हातात ब्रश तसाच.

मी दाढीचा आरसा घेऊन बाल्कनीत गेलो आणि ऊन आत फेकलं. ते थेट नवरीच्या डोळ्यांत. सौ.ने माझं धुतलेलं पांढरं वेष्टी-धोतर अंधाऱ्या बाजूला, नवरीच्या शेजारच्या भिंतीवर टांगलं. "आता त्याच्यावर पाडा." पाडलं. खोलीत दुधासारखा उजेड पसरला.

"बाबा, हलू नका," मुग्धा म्हणाली.

अख्ख्या नोकरीत मी दुसरं काय केलं होतं?

शेवटी अक्कांनी लेकीला भर उन्हात उभं केलं. हनुवटी धरून चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला. मग कानशिलांवर बोटं मोडली. मुग्धा तोंड धुवायला म्हणून गेली, ती नळ सोडून बराच वेळ आतच होती.

*

पुढच्या आठवड्यात दुसरी नवरी मुलगी खोली बघायला आली. करंट होता. मुग्धाने अभिमानाने सगळे दिवे लावून दाखवले. मुलीने ते नीट पाहिले, मान डोलावली आणि म्हणाली, "छान आहेत. पण वसंतीच्या वेळचे, आरसा धरणारे मामा त्या दिवशी मोकळे आहेत ना?"