न झालेले गोल

रमजानचाचांशी बोलायला उभं राहिलात, की तुमचा रस्ता बंद झालाच म्हणून समजा. लासुर्ण्याच्या चौकात मी कितीदा निसटून पाहिलं. डावीकडे सरकलो की चाचा डावीकडे, उजवीकडे सरकलो की उजवीकडे, आणि तोंडाने "पोरं कशी हायती?" चालूच! उमेद होती तोवर ते वालचंदनगरच्या फुटबॉल संघात बॅक होते, गोल करायला येणाऱ्याला अडवणारे. "चेंडू लबाड असतोय," ते सांगायचे. "समोरच्याच्या कमरंकडं बघायचं. कंबर खोटं बोलत न्हाय."

चाची गेल्या होत्या, मुलगा दुबईला. घरात एक खाट, एक स्टोव्ह, आणि खेळाची म्हणावी अशी एकही खूण नाही. मी खोडी काढली, "चाचा, एखादा कप तरी?"

"झालेला गोल पेपरात येतो गड्या. न झालेला कुठं छापायचा?"

ते न झालेले गोल जाणणारा एकच माणूस उरला होता, बारामतीचे बबनराव. नावाजलेले फॉरवर्ड. सगळ्यांच्या जाळीत गोल घातले, चाचांपुढे मात्र एकही जमला नाही. दर गुरुवारी बाजाराचं निमित्त काढून चाचा एसटीने त्यांच्याकडे जायचे. एकदा मी सोबत होतो. फाटकातूनच बबनराव गरजले, "आलं बघा आमचं कुलूप! ह्या बाबानं मला उभ्या जन्मात एक गोल करू दिला न्हाय!" चाचा नव्या नवरीसारखे लाजले. तेवढ्यावर त्यांचा आठवडा निघायचा.

मागच्या वर्षी बबनराव गेले. दहाव्याला मी चाचांना मोटारसायकलवर कऱ्हेच्या घाटावर नेलं. आमच्याकडे दहाव्याला माइक लागतो, भाषणं होतात. वक्त्यागणिक बबनरावांचे गोल वाढत गेले. शेवटी एका पुढाऱ्याने हात उंचावून ठणकावलं, "त्यांना अडवणारा बॅक ह्या जिल्ह्यात जन्मलाच नाही!"

माझं डोकं तापलं. "चाचा, उठा. आज बोलला नाहीत, तर कुणालाच कळायचं नाही."

चाचा उठले. टोपी सारखी करून माइकपाशी गेले. समोर बबनरावांचा मुलगा, डोकं भादरलेला, बापाचं कौतुक ऐकत बसला होता. चाचा थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिले.

"मी वालचंदनगरकडनं खेळायचो," ते म्हणाले. "बबनराव मला कवाच घावलं न्हायत. लई गोल केलं त्यांनी माझ्यावर."

लोक ओल्या डोळ्यांनी हसले. चाचा माझ्याशेजारी येऊन बसले. मागून कुणीतरी विचारलं, "हे म्हातारं कोण हाय?" मी सांगायला वळलो, तर चाचांनी माझा गुडघा घट्ट दाबून धरला.