तीन हाका

माणूस विद्यापीठ निवडत नाही. विद्यापीठच आपला माणूस निवडतं.

हे वाक्य मी मुरबाडच्या कॉलेजात, बक्षीस समारंभात ऐकलं. प्रमुख पाहुणे कल्याणहून यायचे होते आणि बरेच उशिरा आले. वाक्य बोलून झाल्यावर ते थांबले, सगळ्या सभागृहावर सावकाश नजर फिरवली आणि टाळ्या पडेपर्यंत पुढे बोलले नाहीत. इतिहासात पहिली आल्याबद्दल मला स्टीलचा डबा मिळाला होता. तो मांडीवर घेऊन मी विचार करत होते, की विद्यापीठ मला निवडणार असेल तर त्याला मुरबाडची गाडी कुठून सुटते हे कोण सांगणार.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या गावातली कोणी मुलगी बी.ए.च्या पुढे गेली नव्हती. मला एम.ए. करायचं होतं. नकाशावर आम्ही मुंबईच्या विद्यापीठाचे, पण मुरबाडहून मुंबईला रोज जाऊन येणं म्हणजे शिक्षण नव्हे, नुसता प्रवास. आणि मुंबईत आमचं राहण्यासारखं कोणी नव्हतं. तेव्हा वसतिगृह असलेलं दुसरं एखादं विद्यापीठ शोधायचं होतं, आणि ते पेरणीच्या आत. कारण शहापूरकडचं एक स्थळ मला दोनदा विचारून गेलं होतं. मुलगा आसनगावला कारखान्यात कामाला होता. माणसं चांगली होती. अडचण तीच होती.

'दोनदा' हा शब्द आमच्या घरात महत्त्वाचा होता. त्याचं कारण माझी आत्या.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली, आणि घरात शेवटचा शब्द तिचा. तिचा नवरा एकदा म्हसा गावच्या जत्रेहून बैल घेऊन परतत होता. दिवस कलला होता. शेताच्या बाजूने कोणीतरी त्याला नावाने हाक मारली, एकदाच. त्याने "ओ" दिली आणि थांबला. बांधावर कोणी नव्हतं. तो घरी आला, अंथरुणाला लागला आणि महिनाभरात गेला. डॉक्टरने कावीळ सांगितली. आत्याने डॉक्टरचं शांतपणे ऐकून घेतलं.

तेव्हापासून तिचा कायदा असा होता: "एकदा हाक मारतं ते भूत. दोनदा मारतो तो भिडंखातर. तीनदा मारंल तो आपला." आमच्या दारात कोणी हाक मारली तर आम्ही सगळे तिसऱ्या हाकेची वाट पाहत गप्प बसून राहत असू. पोस्टमन चिडायचा. लग्नाचं आमंत्रण असो की शेतावरचं बोलावणं, तीनदा आलं तर आत्या जाई. आणि तीनदा आलेलं मोडत नसे. शहापूरचे लोक दोनदा येऊन गेले होते. तिसऱ्यांदा आले असते तर विषय संपला असता.

एम.ए.चं ऐकल्यावर आत्या बराच वेळ मशेरी लावत बसली. मग म्हणाली, "जाऊ दे पोरीला. पन जिथं तीनदा बोलवतील तिथंच."

"बाय, विद्यापीठ कसं बोलवंल?" बाबा म्हणाले. "ते काय लग्नघर हाय?"

"मंग न बोलवल्या घरी पोरीला कशाला धाडतोस रे?"

 बाबा मुरबाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीत बसून गाड्या लावायच्या आणि न येणाऱ्या गाडीबद्दल लोकांची समजूत घालायची, हे त्यांचं काम. पण आत्याची समजूत त्यांना कधी घालता आली नाही. त्यांना वर्षातून एकदा कुटुंबासाठी एसटीचा फुकट पास मिळे. तो काढून मे महिन्यात आम्ही तिघं विद्यापीठं बघायला निघालो. आत्या सोबत होती, कारण हाका तिला स्वतःच्या कानांनी ऐकायच्या होत्या. पिशवीत एक नारळ होता. बोलावणं आलंच, तर रिकाम्या हाताने कसं जाणार?

मे महिन्यात विद्यापीठ बघू नये. तेव्हा तिथे ज्ञानाशिवाय काहीच नसतं.

पुण्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मोठाली झाडं, दगडी इमारती आणि माणूस नाही. एका लांब व्हरांड्यातून आम्ही चाललो होतो. दोन्ही बाजूंना कुलपं. आमच्या चपलांचा आवाज पुढच्या टोकाला जाऊन परत येत होता, आणि परत येताना तो तिघांपेक्षा जास्त माणसांचा वाटत होता. तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, अगदी स्पष्ट, घरातल्यासारखा: "ए, थांब जरा."

माझं तोंड उघडलं होतं. "ओ" बाहेर पडायच्या आत आत्याचा हात त्यावर बसला. त्या हाताला मशेरीचा वास होता. आम्ही तसेच उभे राहिलो. मागे व्हरांडा रिकामा होता. एका खांबाआडून कबूतर चालत आलं, आमच्याकडे पाहिलं आणि गेलं. दुसरी हाक आली नाही.

"चला," आत्या म्हणाली. पुणे संपलं.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "झाडूवाली असंल कोनीतरी."

"मंग ती दुसऱ्यांदा का नाय बोलली?"

पुढे एम.ए.ला दोन वर्षांत मला इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नाही.

कोल्हापुरात विद्यापीठाच्या आवारात एकही हाक आली नाही. बाहेर आलो तर एका खानावळवाल्याने आम्हाला तीनदा काय, बसेपर्यंत बोलावलं. मी आशेने आत्याकडे पाहिलं. आत्या पोटभर जेवली, हात धुतला आणि म्हणाली, "हे जेवायाला बोलवलं. हे धरायचं नाय."

राहिलं एक. त्या गावाचं नाव इथे घेत नाही; तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत.  जाताना गाडीत मला एवढंच दिसत होतं, की तिथेही कोणी बोलावलं नाही तर घरी परतायचं, आणि पेरणीच्या आत अंगणात शहापूरची जीप येऊन उभी राहील.

पोचलो तेव्हा नेमके बारा वाजत होते. ही वेळ आमच्याकडे चांगली मानत नाहीत. रात्री फिरणारे निदान लपूनछपून फिरतात; भर दुपारचे उघड फिरतात, असं आत्या म्हणे. फाटकावर पहारेकरी नव्हता, त्याची टोपी तेवढी खुंटीला होती. आत एकच डांबरी रस्ता होता, दोन्ही बाजूंना उंच मेंदीचं कुंपण. गुलमोहराच्या पाकळ्या रस्त्यावर पडल्या होत्या आणि त्यांवर चाकाची किंवा पावलाची एकही खूण नव्हती.

चालता चालता एका बंद इमारतीतून आवाज यायला लागला. कोणीतरी आकडे वाचत होतं. एक आकडा, मग थोडी शांतता. पुढचा आकडा, पुन्हा शांतता. हजेरी घेताना मास्तर थांबतात तितकीच. पण "हजर" कोणी म्हणत नव्हतं. दुसऱ्या एका खोलीत, खिडकीच्या काचेतून, उलट्या रचून ठेवलेल्या बाकांवर पंखा फिरत होता.

"हे कोनाला बोलवतात गो?" आत्याने हळूच विचारलं.  खरं सांगायचं तर प्रत्येक शांततेत आपणच "हजर" म्हणावं असं मला वाटत होतं.

पुढे एक मोठा वड लागला. त्याखाली खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. पांढरा सदरा, मांडीवर जाड पुस्तक. शेजारी झाडाला टेकलेली सायकल, आणि तिचं मागचं चाक सावकाश फिरत होतं. वारा नव्हता.

"ओ मंडळी! कोण पाहिजे?" म्हातारा म्हणाला.

बाबा थबकले. आत्याने त्यांचा दंड धरला आणि आम्ही मान खाली घालून पुढे निघालो. रस्ता, कुंपण, पाकळ्या. माझ्या अंदाजाने आम्ही नाकासमोर चाललो होतो. मग पुन्हा आकडे ऐकू आले. पुन्हा पंखा दिसला. आणि पुढे वड, खुर्ची, म्हातारा. सायकलचं चाक आता थांबलं होतं.

बाबांनी रुमाल काढून मान पुसली. आत्या ओठांतल्या ओठांत म्हणाली, "चकवा."

चकवा म्हणजे काय हे आमच्याकडे लहान मुलालाही कळतं. रानात माणूस चालत राहतो आणि पुन्हा पुन्हा त्याच झाडाशी येतो. चकवा दिसत नाही, काही करत नाही, फक्त सोडत नाही.

"ओ मंडळी! कोण पाहिजे?"

तेच शब्द, तोच सूर. आम्हाला आधी पाहिल्याची चेहऱ्यावर काही खूण नाही. मी त्याचे पाय बघितले, कारण अशा वेळी पाय बघायचे असतात. चपला बाजूला होत्या, पायांत मोजे होते. पाय पुढच्याच बाजूला होते. तरी खात्री होईपर्यंत मी बघत राहिले.

तिसरी फेरी सुरू झाली. फाटक कुठे गेलं हे विचारायची सोय नव्हती, कारण तिघांनाही ते माहीत नव्हतं. आकडे वाचणारा आवाज थकल्यासारखा झाला होता. मला भीती वाटत होती की म्हातारा पुन्हा हाक मारेल. त्याहून मोठी भीती होती की मारणार नाही.

वड आला. म्हाताऱ्याने तोंडावर पुस्तक उपडं घातलं होतं. छाती हलते आहे की नाही ते कळत नव्हतं. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. त्याने पाहिलं नाही. सायकल आता जमिनीवर आडवी पडलेली होती. आम्ही वडाच्या सावलीतून बाहेर आलो, आणखी थोडे पुढे गेलो. माझ्या डोळ्यांसमोर शहापूरची जीप अंगणात वळत होती. आणि मागून,

"ओ मंडळी! कोण पाहिजे?"

आत्या गर्रकन वळली. शेतातून पलीकडच्या टेकडीवर साद घालावी तशी ती ओरडली, "ओ! आलो!"

सगळं आवार दणाणलं. वडावरचे पक्षी उडाले. बंद इमारतीतला आकड्यांचा आवाज मध्येच थांबला.

आत्या तडक म्हाताऱ्यापाशी गेली, पिशवीतला नारळ काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "पोर तुमच्या हाती देते. संबाळा." म्हाताऱ्याने नारळ उलटसुलट करून पाहिला. "प्रवेशाचं का?" त्याने विचारलं आणि कुंपणातल्या एका फटीकडे बोट केलं. फटीतून पलीकडे कार्यालयाचा दरवाजा दिसत होता. आम्ही तीनदा त्याची मागची भिंत पाहत गेलो होतो.

पेरणीच्या आधी शहापूरचे लोक तिसऱ्यांदा आले. आत्याने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "दुसरीकडनं आधीच तीनदा बोलवनं आलंय." ती माणसं खरोखरच चांगली होती. त्यांना हे कारण पूर्णपणे पटलं.

जुलैत मी तिथे राहायला गेले आणि महिन्याभरात सगळ्याचा उलगडा झाला. इमारतीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजणारे दोन कारकून होते. एक जण आकडा वाचायचा, दुसरा लिहायचा, म्हणून ती शांतता. सायकल शिपायाची, तो टपाल घेऊन सतत ये-जा करायचा आणि ती नीट उभी करायचा नाही. म्हातारा इतिहास विभागाचा प्रमुख होता. खोलीतला पंखा बंद पडल्यामुळे तो वडाखाली बसे. मोगलांची वंशावळ त्याला तोंडपाठ होती. कालचं काही आठवत नसे. दोन वर्षं मी रोज सकाळी त्याच्या समोर जाऊन उभी राहत असे आणि तो रोज विचारत असे, "कोण पाहिजे?" आणि आवारातला तो रस्ता गोल होता.

पहिल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा आत्याला हे सांगितलं. तिला राग आला नाही. "मला काय ठावं," ती म्हणाली. "तुझा बाप नेत होता. मी त्याच्या मागनं."

आत्या गेली. पुढे काही वर्षांनी बाबा निवृत्त झाले. ओटीवर बसले असताना एकदा मी त्यांना म्हटलं, "बाबा, सगळा जन्म तुम्ही गाड्यांचे रूट लावलेत. रस्ता गोल आहे हे तुम्हाला तीन फेऱ्यांत कळलं नाही?"

 "मी कुठं पुढं होतो?" ते म्हणाले. "मी बायच्या मागनं चाललो होतो. मला वाटलं, तीच मुद्दाम फिरवतेय."

मला तर दोघांच्याही पाठी आठवतात. मी सगळ्यांत मागे होते. हे मी त्यांना सांगितलं.

"मंग पुढं कोन होतं?" बाबांनी विचारलं. बाहेर अजून उजेड होता. आम्ही दोघांनीही त्या विषयावर पुढे काही बोलायचं नाही असं न बोलता ठरवलं.

मागे एका कामासाठी त्या विद्यापीठात गेले होते. वडाखाली खुर्ची नाही. तिथे आता 'कार्यालयाकडे' अशी पाटी लावली आहे. बाण उलट्या दिशेला आहे. रस्ता गोल असल्यामुळे कोणी तक्रार केलेली नाही.