वाटेतली खुर्ची

माझे सासरे हट्टी आहेत हे मी लग्नाआधीच ऐकलं होतं, पण एका खुर्चीवरून आमचं इतकं वाजेल असं वाटलं नव्हतं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मागच्या दाराबाहेर त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उंच ओटाच, बांधला. दरवर्षी खाली शिरून टॉर्चने तुळया बघायचे, बोल्ट आवळायचे, फळ्यांना तेल लावायचे. गाडी काढण्याआधी तिच्याभोवती फेरी मारायची सवय काही सुटली नव्हती.

मग गुडघे गेले. खोलीतून डेकवर आणि डेकवरून खोलीत, एवढंच त्यांचं जग उरलं. त्यात त्यांनी खुर्ची मांडली ती नेमकी माझ्या कपड्यांच्या दोरीच्या वाटेवर. ओल्या कपड्यांची बादली घेऊन मी रोज भिंतीला घासत वळसा घालायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

"बाबा, एवढा डेक मोकळा पडलाय. इथेच का?"

"इथे ऊन बरं लागतं."

ऊन सगळीकडे सारखंच होतं.

पायऱ्यांजवळचा कठडा डुगडुगायला लागला तेव्हा मी सुतार बोलावला. बाबांचा चेहरा उतरला. "तो डेक पाडायला सांगेल," ते हळूच म्हणाले. "मग मी दिवसभर बसू कुठे?"

पण सुतार दारात उभा होता.

"काका, जरा उठता का?" तो म्हणाला. काका ढिम्म. शेवटी मीच हाताला धरून उठवलं आणि खुर्ची सरकवली. सुताराने खुर्चीखालच्या फळीवर स्क्रूड्रायव्हर दाबला, तो मुठीपर्यंत आत गेला. फळी आतून पार कुजली होती.

सुतार डेकखाली शिरला. ठोकल्याचे आवाज येत राहिले. बाबांनी माझा हात घट्ट धरला होता, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांचा.

तो कोळिष्टकं झटकत बाहेर आला. "तुळया ठणठणीत आहेत. भिंतीकडचे बोल्टही. ही फळी आणि कठड्याचा खांब बदलला की झालं. पाडायचं कशाला?"

जीव भांड्यात पडला, आणि लगेच माझा पारा चढला. "बाबा, फळी कुजलीय हे तुम्हाला माहीत होतं? आणि त्यावरच बसत होता?"

"खुर्चीचे पाय शेजारच्या चांगल्या फळ्यांवर असायचे. रोज बघून ठेवायचो. तू बादली घेऊन येतेस, पायाखाली बघतेस कुठे? आणि सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी सुतार आणला असतास."

मी सुताराला उद्याच फळी घेऊन यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नवी फळी बसली. मी बादली घेऊन आले तर बाबा खुर्ची घेऊन पार कोपऱ्यात. "जा आता सरळ," म्हणाले.

मी सरळ गेले. नव्या फळीवर मुद्दाम पाय आपटून पाहिला. कपडे वाळत घातले, आणि मग बाबांना उठवून त्यांची खुर्ची पुन्हा माझ्या वाटेत आणून ठेवली.