मेश्राम गुरुजींच्या वर्गातला वन्समोर

गोंडपिपरीत शाळेसमोर दुकान टाकलं की माल संपतो, किस्से संपत नाहीत! टीव्ही गावात यायचा होता तेव्हाचे माझ्याकडचे निम्मे किस्से मेश्राम गुरुजींच्या चौथीतले. आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या नाटकाला पब्लिकनं ‘वन्समोर’ दिला की नटाला तो प्रवेश पुन्हा करावाच लागतो. गुरुजी स्वतः नाटकात कामं करायचे. त्यांनी हाच कायदा वर्गात लावला. धडा करून दाखवायचा; आवडला तर वन्समोर!

*

भूगोलाच्या तासाला एक पोरगी सूर्य झाली, डोक्याला माझ्याच दुकानातला पिवळा कागद. पृथ्वी झालेला पोरगा गरगर फिरला अन् धपकन पडला.

‘गुरुजी, पृथ्वीले चक्कर आली!’

सूर्यानं विचारलं, ‘मंग आपल्याले काऊन येत नाई?’

गुरुजी इतके खूश, की वन्समोर त्यांनीच दिला. पृथ्वी रडायला लागली!

*

एकदा चित्रकलेला सागाची कोवळी पानं आणली. कुणीतरी पान चोळलं, हात लालभडक! ‘पान हिरवं, मंग रंग लाल कुठून?’ दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाचे हात लाल. त्या आठवड्यात माझा साबण संपला. गुरुजींवर माझा जीव उगाच नव्हता!

*

एक धानवाले शेतकरी दुकानात तणतणत आले. ‘भाऊ, पोरगं घरी प्रश्न विचारून राह्यलं! म्हणते, पोळ्याले बैल रंगवता, नांगर काऊन नाई?’

‘मग काय सांगितलं?’

‘सांगतो काय! गेरू द्या.’

*

पण काही शहाण्यांनी वर तक्रार केलीच. गुरुजींना पार लांब सिरोंचाकडे पाठवणार, अशी बातमी आली. इकडे गुरुजींची आई अंथरुणावर. माणूस पार उतरला. तास मात्र तसेच चालू.

तपासणीचे साहेब आले तेव्हा मी खडूची पेटी द्यायला वर्गातच होतो. पोरं फांद्या बांधून जंगल झालेली, एक वाघ बाकावर डरकाळ्या फोडत होता. साहेब दारातूनच कडाडले, ‘मेश्राम! ही शाळा आहे की मंडई? उद्याच बदली करतो तुमची!’

गुरुजींची मान खाली.

पोरांना वाटलं, नवीन पात्र आलं! टाळ्यांचा कडकडाट. ‘वन्समोर! वन्समोर!’

साहेब थबकले. वर्गाकडे बघितलं, गुरुजींकडे बघितलं. मग शर्ट नीट केला, एक हात वर उचलला अन् आधीपेक्षा मोठ्यानं, ‘मेश्राम! ही शाळा आहे की मंडई?’

बाकावरून वाघ हळूच म्हणाला, ‘साहेब, बदलीचं राह्यलं!’

साहेब म्हणाले, ‘ते वाक्य कापलं!’