चौथ्या कोपऱ्याचा आकडा

आमच्या भागात घर बांधायचं म्हणजे आधी काळ्या मातीशी भांडण. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घरही सोबत ओढते. म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत खणायचा. मी स्वतः खड्ड्यात उतरून पहार मारतो. मातीत ती मुकाट रुतते, मुरमावर खणकन वाजते. मग जागेवरच वहीत लिहायचं, कोणत्या कोपऱ्यात किती फुटांवर मुरूम लागला. प्रत्येक घराला एक पान. दुसरे मिस्त्री हसायचे, "तू मिस्त्री हायेस का तलाठी?" मला त्या वहीचा माजच होता म्हणा.

रिठदच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्याचं घर नऊ वर्षांपूर्वी मी बांधलेलं. "वरतं दोन खोल्या काढून राह्यलो. विटा येऊन पडल्या. पाया झेलीन ना, मिस्त्री? तुमच्या वहीत पाहून सांगा."

पान काढलं. चारही कोपऱ्यांपुढे सहा फूट होतं. पहिले तीन आकडे पेन्सिलीचे, मातकट बोटांचे डाग पडलेले. चौथा निळ्या पेनाचा, अगदी स्वच्छ. तो मी घरी बसून लिहिला होता. त्या दिवशी जऊळक्याला दुसऱ्या घराचा स्लॅब होता, तिथे मिक्सर ठरल्यापेक्षा आधी येऊन उभा राहिला आणि मी चौथा खड्डा न पाहताच निघालो. दुसऱ्या दिवशी आलो तर मजुरांनी काँक्रीट टाकलेलं. तीन सहा, तर चौथाही सहाच असणार, असं म्हणून मी पान पुरं केलं. अर्धवट पान मला बघवत नाही, ही माझी खोड.

दोन दिवस त्याचा फोन उचलला नाही. जेवण गोड लागेना. नऊ वर्षांत भिंतीला तडा नाही, असं मनाला सांगून पाहिलं. पण एका मजल्याचं ओझं वेगळं, दोन मजल्यांचं वेगळं. वही नुसती दाखवली असती तरी तो डोळे मिटून हो म्हणाला असता, आणि मला भीती त्याचीच वाटत होती. वर त्याची लेकरं झोपणार होती.

तिसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली. त्याच्या ओसरीवर बसून सगळं सांगितलं. तो आत जाऊन कुदळ घेऊन आला. कोपऱ्याला लागून आम्ही दोघांनी खणलं. साडेचार फुटांवरच काँक्रीटचा तळ दिसला. त्याखाली मी पहार मारली. ती मुकाट रुतली.

"लिवा," तो म्हणाला.

सहा खोडून मी साडेचार लिहिलं. पुढे 'काळी माती' असं लिहिलं. वरच्या खोल्यांचं काय, हे त्यानं विचारलंच नाही.

रस्त्यापलीकडच्या दुमजली घराकडे त्यानं बोट केलं. तेही माझंच काम. "आता माह्या भावाच्या घराचं पान काढा."

मी पान काढलं. चारही आकडे पेन्सिलीचे, चारही खरे. त्यानं चारही आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे खरं हाय कायवरून?"

सांगायला माझ्याकडे वहीशिवाय काहीच नव्हतं. मी कुदळ उचलली आणि रस्ता ओलांडला.