स्क्रीनवर आलेली आत्याची हाक

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाणारी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय…

शहाद्याला एसटी स्टँडमागे माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. भागीदार आतेभाऊ, हेमंत. नेटवर्क तोच बघायचा. आमच्या राउटरमधल्या डीएनएस सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडलाय, अपडेट करा, असं मी वाचलं होतं. आपण वेबसाइटचं नाव टाकलं की हे सॉफ्टवेअर तिचा पत्ता पुढे विचारून आणतं आणि काही वेळ लक्षात ठेवतं. त्यात कुणी खोटा पत्ता घुसवला, तर नाव बरोबर टाकूनही माणूस भलत्याच पानावर पोचतो.

"अपडेट कधीच करी टाकं," हेमंत म्हणाला. "मन्हावर भरवसा नही का तुले?"

होता. लहानपणापासून होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी नर्सिंग प्रवेशाची साइट उघडली. कोरं पांढरं पान, आणि मधोमध एकच ओळ — 'बबडी, हेमू खोटं बोली ऱ्हायना.' हेमू खोटं बोलतोय, तेही आमच्या घरातल्या अहिराणीत.

मला बबडी म्हणणारी एकच — आत्या, हेमंतची आई. तिला जाऊन दोन वर्षं झालीत. मी हेमंतला हाक मारली, पण तो येईपर्यंत नेहमीचं पान आलेलं. "झोप झाली नही वाटतं तुन्ही," म्हणत तो हसला.

त्याच आठवड्यात धडगावची रोशनी नर्सिंगचा अर्ज भरायला आली. ब्राउझरने धोक्याची सूचना दाखवली, तर हेमंतच तिला म्हणाला, "रोजचंच आहे, पुढे जा." तिने पासवर्ड टाकला. पान हुबेहूब होतं, पण खोटं. कुणीतरी तिचं खातं बळकावलं. ते परत मिळेपर्यंत मुदत संपली.

"ताई, मी तुमच्या भरवशावर घाट उतरून आले होते…" एवढंच बोलली. रडलीसुद्धा नाही.

नंदुरबारच्या इंजिनियरने राउटर तपासला. अपडेट झालेलंच नव्हतं.

हेमंत खाली बघत म्हणाला, "नही करं मी. मले वाटनं, काय व्हई?"

मग मी पुन्हा त्या ओळीचा विषय काढला. या वेळी तो हसला नाही. इंजिनियर म्हणाला, पासवर्ड चोरणारा तुम्हाला सावध कशाला करेल? आणि घरातलं नाव त्याला कुठून कळणार?

दुकान आता मी एकटीच चालवते. परवा हेमंत आला, पायरीवरच थांबला.

"आईनी मले का नही सांगं?"

ती ओळ कुठून आली, तेच मला अजून कळलेलं नाही… त्याला काय सांगणार?